प्रेसवरचं लाइट कर्टन: वाळूज-चिकलठाण्यात बसवून मिळणाऱ्या किटचं परीक्षण

छत्रपती संभाजीनगरच्या वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा औद्योगिक वसाहतींत पत्रा कापणारी, वाकवणारी लहान प्रेसशॉप गल्लोगल्ली आहेत. मोठ्या कंपनीचं ऑडिट येऊन गेलं की शेऱ्यांत एक ओळ हमखास असते: ‘पॉवर प्रेसला सुरक्षा साधन नाही.’ मग पुरवठादाराला फोन जातो, आठ दिवसांत प्रेसच्या दोन्ही बाजूंना दोन पिवळ्या दांड्या उभ्या राहतात, त्यांचा फोटो जातो आणि शेरा बंद होतो. हे परीक्षण त्या दांड्यांचं, म्हणजे जुन्या प्रेसवर नंतर बसवायच्या लाइट कर्टन किटचं आहे. एका दांडीतून दुसरीकडे प्रकाशकिरणांचा पडदा जातो, हात आडवा आला की किरण तुटतात आणि प्रेसला थांबायचा इशारा मिळतो. एखाद्या ब्रँडची बाजू इथे घेतलेली नाही. टाइप ४ चं, म्हणजे सुरक्षेच्या सगळ्यात वरच्या दर्जाचं, कर्टन नामांकित कंपनीचं असलं की काम तेच करतं. बोटं वाचतात की जातात हे ठरतं ते बसवण्यावर, आणि मागच्या प्रेसवर.

निकाल आधीच देतो. एअर क्लचच्या प्रेसवर (हवेच्या दाबावर चालणारा, फेरीत मधेच सोडता येणारा क्लच), थांबायला लागणारा वेळ मोजून बसवून मिळत असेल तर जरूर घ्या. पिन क्लचच्या प्रेसवर कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका.

पिन क्लच किंवा रोलिंग कीच्या प्रेसमध्ये पेडल दाबलं की पिन सुटते, फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि रॅम (प्रेसचा खाली येऊन दाबणारा भाग) पूर्ण फेरी मारूनच वर येऊन थांबतो. मधे त्याला अडवणारं काहीच नसतं. ब्रेक आहे, पण तो फेरी संपताना शाफ्ट जागेवर धरण्यापुरता. अशा प्रेससमोर कर्टन लावलं, कामगाराचा हात आत गेला, किरण तुटले, लाल दिवा लागला, मोटरचा कॉन्टॅक्टरही (वीज तोडणारा स्विच) पडला. तरी फ्लायव्हील फिरतंच आहे आणि पिन खाचेतच आहे. रॅम खाली येणारच. साधन नव्हतं तेव्हा कामगार निदान भीतीपोटी चिमटा वापरत होता. आता लाल दिव्याच्या भरवशावर हात घालतो. म्हणून अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेच्या नियमावलीने पूर्ण फेरीच्या क्लचवर असं साधन वापरायला सरळ मनाई केलेली आहे.

आपली प्रेस कोणत्या जातीची आहे हे ओळखायला कॅटलॉग लागत नाही. पेडलपासून क्लचपर्यंत लोखंडी सळई आणि स्प्रिंग जाते का, की शाफ्टच्या टोकाला फिरत्या जॉइंटमधून हवेची नळी जाते, ते बघा. खात्री करायची तर डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) काढून, रॅमखाली काही नसताना, रॅम खाली येताना मधेच बटण किंवा पेडल सोडा. रॅम तिथेच थांबला तर एअर क्लच. खाली जाऊन परत वर आला तर पुढची सगळी चर्चा त्या प्रेसपुरती संपली. ही चाचणी न करता कोटेशन देणारा पुरवठादार दांड्या विकतोय, सुरक्षा विकत नाहीये.

पिन क्लचवर दोन हातांची बटणं चालतील का, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. कागदावर चालतात. हात बटणावरून सुटून डायपर्यंत पोचायच्या आत डाय मिटली पाहिजे, एवढी बटणं लांब हवीत. त्याचं गणित असं: अर्ध्या फेरीत १ भागिले क्लचच्या खाचांची संख्या मिळवायची, त्याला एका फेरीच्या वेळाने गुणायचं आणि आलेल्या सेकंदांना १६०० मिमीने गुणायचं. मिनिटाला ६० स्ट्रोकची, एकाच खाचेची प्रेस घेतली तर वेळ दीड सेकंद आणि अंतर २४०० मिमी. आठ फूट लांबून बटण दाबून हाताने जॉब भरणारा ऑपरेटर कुठे मिळणार? मिनिटाला १२० स्ट्रोक आणि दोन खाचा असतील तर हेच अंतर ८०० मिमीवर येतं, तिथे विचार करता येतो. शिवाय पिन झिजली, लॅचची स्प्रिंग तुटली तर रॅम आपोआप दुसरा स्ट्रोक मारतो. तेव्हा दोन्ही हात बटणावरून निघून डायमध्येच असतात.

पिन क्लचला खरा उपाय जुना आणि स्वस्त आहे: पक्की जाळी, आणि पत्रा आत सरकवायला बेताची फट. आयएसओ १३८५७ मध्ये फटीची मापं दिलेली आहेत. ६ मिमीपर्यंतची फट धोक्याच्या जागेपासून १० मिमी लांब असली तरी चालते, ८ मिमीपर्यंतच्या फटीला २० मिमी, १० मिमीपर्यंतच्या फटीला ८० मिमी, आणि १२ ते २० मिमीच्या फटीला १२० मिमी अंतर लागतं. नवी डाय करून घेताना पंच आणि डायमधलं तोंड ६ मिमीपेक्षा जास्त उघडणारच नाही अशी ठेवता आली तर बोटच आत जात नाही. जॉब हातानेच आत ठेवावा लागत असेल तर जाळी उघडी असताना पेडल लागणार नाही आणि फेरी संपेपर्यंत जाळी उघडणार नाही, असं इंटरलॉक लागतं. ज्या प्रेसवर रोज आठ तास काम चालतं तिचा क्लच बदलून एअर क्लच-ब्रेक बसवणं हा त्याहून चांगला खर्च.

आता एअर क्लचकडे येऊ. किटमध्ये सहसा प्रकाश पाठवणारी आणि घेणारी अशा दोन दांड्या, एक सेफ्टी रिले (कर्टनचा इशारा घेऊन प्रेसची वीज तोडणारा, स्वतःचा बिघाड ओळखणारा स्विच), रीसेट बटण, २४ व्होल्टचा पुरवठा, आडवे-उभे ब्रॅकेट आणि एक काळी तपासणी कांडी असते. कर्टन दोन बारकाव्यांचं मिळतं. १४ मिमीचं बोट ओळखतं, ३० मिमीचं हाताचा पंजा. ३० मिमीचं स्वस्त पडतं म्हणून तेच जास्त खपतं. ते चूक आहेच असं नाही, पण मग ते आणखी मागे बसवावं लागतं.

किती मागे, हे आयएसओ १३८५५ सांगतं. प्रेस, कर्टन आणि रिले यांना थांबायला लागणारा एकूण वेळ सेकंदांत घ्या आणि २००० ने गुणा. १४ मिमीच्या कर्टनला पुढे काही मिळवायचं नाही. ३० मिमीला ८ गुणिले (३० वजा १४), म्हणजे १२८ मिमी मिळवा. उत्तर ५०० च्या वर गेलं तर २००० च्या जागी १६०० घेऊन गणित पुन्हा करायचं, पण ५०० च्या खाली यायचं नाही.

समजा प्रेस १८० मिलिसेकंदात थांबते, कर्टनला १५ आणि रिलेला २५ लागतात. एकूण २२०. १४ मिमीचं कर्टन ४४० मिमीवर. ३० मिमीचं आधी ५६८ येतं, १६०० ने केलं की ४८०, म्हणजे नियमाने ५०० मिमीवर. हे अंतर डायच्या पुढच्या कडेपासून मोजायचं, प्रेसच्या टेबलापासून नाही. डाय बदलली आणि ती ५० मिमीने पुढे आली तर कर्टनही तेवढंच मागे यायला हवं. बहुतेक ठिकाणी ब्रॅकेट वेल्ड केलेलं असतं, ते हलत नाही. म्हणून शॉपमधल्या सगळ्यात मोठ्या डायसाठी अंतर ठरवून घ्यावं.

या सगळ्या गणितातला १८० चा आकडा कुठून आणायचा? प्रेसच्या पाटीवर तो नसतो. पुरवठादाराच्या अंदाजावर तर सोडूच नये. तो स्टॉप-टाइम मीटरने मोजावा लागतो: सगळ्यात जड वरची डाय बसवून, नेहमीच्या वेगाने, रॅम खाली येताना जिथे सगळ्यात जोरात असतो तिथे, म्हणजे साधारण ९० अंशांवर. निदान दहा वेळा मोजायचं आणि सगळ्यात वाईट आकडा धरायचा. मीटर नसलेला माणूस कर्टन बसवायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

आणि हा आकडा कायम राहत नाही, इथेच चांगली कामंही फसतात. ब्रेक लायनर झिजतो. गळक्या ऑइल सीलमधून लायनरवर तेल येतं. ब्रेकच्या सहापैकी एखादी स्प्रिंग तुटते आणि महिनोन्‌महिने कुणाला कळत नाही, कारण प्रेस चालतेच आहे. समजा वर्षभरात १८० चे ३०० झाले. एकूण ३४०, अंतर ५४४ मिमी. कर्टन मात्र ४४० वरच. कमी पडलेले १०४ मिमी म्हणजे तळहाताची रुंदी. कर्टन शाबूत, दिवे शाबूत, कांडीची चाचणीही पास, आणि तरी चार बोटं डायमध्ये. म्हणून किटसोबत ब्रेक मॉनिटर मागाच. रॅम वरच्या टोकाला ठरलेल्या कोनाच्या पुढे सरकून थांबला की तो पुढचा स्ट्रोक अडवतो. कर्टनच्या किमतीपुढे हा भाग लहान आहे आणि सगळ्यात जास्त गाळला जातो.

दुसरा गाळला जाणारा भाग म्हणजे व्हॉल्व. क्लचला हवा देणारा सोलेनॉइड (विजेने उघडणारा) व्हॉल्व एकेरी असेल आणि त्याचा स्पूल, म्हणजे आतला सरकता दांडा, अडकला, तर कर्टनने वीज तोडली तरी हवा सुटत नाही आणि रॅम चालू राहतो. प्रेससाठी दुहेरी, स्वतःवर नजर ठेवणारा व्हॉल्वच हवा: दोन्हींपैकी एक अडकला तरी हवा बाहेर जाते आणि पुढचा स्ट्रोक लागत नाही. स्पूल अडकायचं कारण बहुतेक वेळा कॉम्प्रेसरमध्येच असतं. टाकीतलं पाणी रोज सोडलं जात नाही, पावसाळ्यात ते लाइनीत येतं, फिल्टरची वाटी गढूळ झालेली असते. प्रेसच्या एफआरएल युनिटची (हवा गाळणारा, दाब राखणारा, तेल देणारा संच) काचेची वाटी बघितली की देखभालीचा अर्धा हिशोब कळतो.

वायरिंगमध्ये एक चूक इतक्या ठिकाणी असते की पॅनल उघडून ती आधी बघावी. कर्टनमधून दोन सुरक्षा आउटपुट येतात. दोन्ही वेगवेगळी सेफ्टी रिलेला, आणि तिथून व्हॉल्वच्या दोन सोलेनॉइडांना दोन स्वतंत्र वाटांनी गेली पाहिजेत. घाईत इलेक्ट्रिशियन दोन्ही एकत्र बांधून एका साध्या काचेच्या रिलेवर घेतो. त्या रिलेचा एक संपर्क चिकटला की सगळं कर्टन शोभेचं. त्याहून वाईट म्हणजे पीएलसीच्या (यंत्र चालवणारा छोटा संगणक) साध्या इनपुटवर घेतलेलं कर्टन. तीव्र इजा, सतत संपर्क, चुकवायला वाव नाही, अशी उत्तरं आयएसओ १३८४९ च्या तक्त्यात भरली की हाताने भरायच्या प्रेसला पीएल ई, म्हणजे ए ते ई यांतला सगळ्यात कडक सुरक्षा-स्तर, येतो. टाइप २ चं कर्टन पीएल सीच्या पुढे जात नाही, ते कन्व्हेअरला ठीक. प्रेसला टाइप ४ च. कोटेशनमध्ये ‘टाइप’ लिहिलेला नसेल तर विचारा, आणि माल आल्यावर दांडीवरचा छाप वाचा.

बसवताना बाजू उघड्या राहतात, ही तिसरी नेहमीची गोष्ट. कर्टन समोर, आणि सी-फ्रेमच्या (इंग्रजी C च्या आकाराचा सांगाडा) दोन्ही बाजूंनी हात सहज जातो. स्क्रॅप ओढणारा हेल्पर बाजूलाच उभा असतो आणि त्याच्यासाठी तिथे काहीच नसतं. बाजूंना आणि मागे बोल्टने आवळलेली जाळी हवी, हत्याराशिवाय न निघणारी. कर्टनच्या वरून वाकून आणि खालून हात घालून बघा. आणखी एक: अंतर ४४०-५०० मिमी झालं की कर्टन आणि प्रेसच्या मधे सडपातळ माणूस उभा राहू शकतो. तो आत शिरताना किरण तुटतात, उभा राहिल्यावर परत जुळतात. तिथे एक आडवी पट्टी किंवा आणखी एक आडवं कर्टन लागतं. आणि किरण जुळले म्हणून प्रेस आपोआप चालू होता कामा नये. रीसेट बटण दाबलं पाहिजे, आणि ते आत उभं राहून हाताला लागणार नाही अशा जागी हवं.

चकचकीत पत्र्याजवळ कर्टन फसतं, हे फार थोड्यांना माहीत असतं. किरण थोडे पसरतात. शेजारी गॅल्व्हनाइज्ड पत्र्याची थप्पी किंवा स्टीलची ट्रे असेल तर हात आडवा असतानाही प्रकाश तिच्यावरून उसळून पलीकडे पोचतो आणि कर्टनला वाटतं वाट मोकळी आहे. टाइप ४ मध्ये दांड्यांमधलं अंतर तीन मीटरपर्यंत असेल तर चकचकीत वस्तू किरणांपासून निदान १३१ मिमी लांब हवी. किरणांच्या वाटेजवळ माल ठेवायची जागाच नको. जमिनीवर पिवळा पट्टा मारून ती जागा मोकळी राखा.

आता इथल्या हवामानाचं आणि वीजपुरवठ्याचं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली, पॅनलच्या आत, बाहेरच्या तापमानापेक्षा बरंच जास्त तापतं. माहितीपत्रकातली कमाल तापमानाची ओळ वाचूनच पॅनलची जागा ठरवा, पश्चिमेच्या भिंतीवर नको. वीज क्षणभर डोळा मारते तेव्हा कर्टन बंद पडून रीसेट मागतं. दिवसात दहा वेळा असं झालं की ऑपरेटर वैतागतो आणि तिसऱ्या दिवशी पॅनलमध्ये एक वायरचा तुकडा आडवा पडलेला सापडतो. बायपास करणाऱ्या पोराला झापून काही होत नाही, त्याला नगावर मजुरी मिळते. कर्टनच्या २४ व्होल्ट पुरवठ्याला वेगळा, चांगल्या प्रतीचा एसएमपीएस (एसी विजेची डीसी करणारा डबा) द्या, वेल्डिंग मशीनची फेज त्याच्यावर नको. काचेवर ड्रॉइंग ऑइलचा थर बसला की तेच होतं. पाळी सुरू होताना मऊ सुती फडक्याने दांड्या पुसणं हे ऑपरेटरच्या कामात लिहून ठेवा. बायपासची किल्ली असेल तर ती पॅनलला लटकलेली नको.

कर्टन मागे बसल्याने हात लांबवावा लागतो, कंबर दुखते, नग कमी निघतात. ही तक्रार खोटी नाही. ती ऐकून कर्टन पुढे सरकवायचं नाही. ब्रेक दुरुस्त करून थांबायचा वेळ कमी करायचा, किंवा जॉब सरकवायला उतरती घसरपट्टी आणि चुंबकाचा चिमटा द्यायचा. सुती हातमोजे मात्र प्रेसवर सुरक्षा साधन म्हणून लिहू नका. धोक्याच्या तक्त्यात ‘हात चिरडणे: जास्त’ असं लिहून शेजारी ‘हातमोजे दिले: कमी’ असं भरलेलं असतं. पंचाखाली हातमोजा आणि बोट यांत फरक नाही. यंत्राचा धोका यंत्रातच कमी करायचा, उरलेल्याला आडोसा घालायचा, आणि सूचना-फलक सगळ्यात शेवटी, हा आयएसओ १२१०० मधला क्रम आहे. १९४८ च्या कारखाना अधिनियमानेही कलम २१ मध्ये धोक्याच्या भागाला पक्कं कुंपणच मागितलं होतं, फलक मागितला नव्हता.

दोन माणसं एका प्रेसवर असतील तर एकाच्या दोन हातांच्या बटणांनी दुसरा वाचत नाही. बटणंच वापरायची असतील तर दोघांना वेगळे संच, चारही बटणं दाबलेली असल्याशिवाय स्ट्रोक नाही. एका संचातली दोन बटणं अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली पाहिजेत आणि एका पंजाने दोन्ही दाबता येऊ नयेत म्हणून त्यांच्यात निदान २६० मिमी अंतर हवं. एका बटणावर लाकडाचा तुकडा बांधून चालवून बघा. प्रेस चालली तर रिले चुकीचा आहे.

डाय बदलताना कर्टन कामाचं नाही, हे पुरवठादार सांगत नाही. सेटर, म्हणजे डाय बसवणारा, कर्टनच्या आतच असतो. तिथे मुख्य स्विच बंद करून स्वतःचं कुलूप, हवा सोडून व्हॉल्वला कुलूप, फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत थांबणं, आणि रॅमखाली मापाचा ठोकळा, हीच पद्धत. मोटर बंद केली तरी फ्लायव्हील मिनिटभराहून जास्त फिरत राहू शकतं. ठोकळ्याला प्लग जोडून घ्या: ठोकळा खुंटीवरून काढला की कंट्रोलची वीज तुटते, म्हणजे ठोकळा आत असताना रॅम कुणी चालवू शकत नाही.

सोयाबीन काढणीला कामगार गावी जातात, वाळूजजवळच्या रांजणगाव-जोगेश्वरीतल्या खोल्या रिकाम्या होतात आणि दसरा-दिवाळीच्या आसपास प्रेसवर नवे हात येतात. त्यांना कर्टन म्हणजे काय हे माहीत नसतं, आणि नेमका त्याच काळात माल जास्त लागतो. किट घेतानाच पुरवठादाराकडून मराठीत एक पानभर सूचना आणि सेटर-सुपरवायझरांसमोर प्रत्यक्ष चाचणी, हे ऑर्डरमध्ये लिहून घ्या. चाचणी पाच मिनिटांची आहे. मोटर चालू, रॅम वर. १४ मिमीच्या कर्टनला १४ मिमीचीच कांडी, एका दांडीजवळ वरून खालपर्यंत सावकाश, मग दुसरीजवळ, मग मधोमध. संपूर्ण वेळ लाल दिवा राहिला पाहिजे, एकदाही हिरवा लुकलुकता कामा नये. मग रॅम खाली येत असताना कांडी आत घाला: रॅम जागेवर थांबला पाहिजे, आणि कांडी काढल्यावर रीसेटशिवाय हलता कामा नये. डाय बदलल्यावर ही चाचणी परत.

ऑर्डरच्या कागदावर पैसे देण्याआधी एवढं असू द्या: टाइप ४ आणि १४ किंवा ३० मिमी, मोजलेला थांबण्याचा वेळ आणि दहाही आकडे, त्यावरून काढलेलं अंतर, प्रत्यक्षात बसवलेलं अंतर, व्हॉल्व एकेरी की दुहेरी, ब्रेक मॉनिटर किती अंशांवर लावलाय, वायरिंगचं चित्र, आणि सहा महिन्यांनी पुन्हा वेळ मोजून द्यायची तारीख. मोजलेला वेळ आणि अंतर प्रेसच्या अंगावर पाटी करून लावा, म्हणजे पुढचा फिटर दांड्या हलवताना टेप घेऊन येईल.